जुलैची ट्यूब

"काका, झोपलात का?" अपेक्षाने पडद्याजवळून विचारलं.

"डोळे मिटले म्हणजे झोपलो असं नसतं. चालू दे तुझं," सुदर्शन घुले म्हणाले आणि खुर्चीत सावरून बसले.

सोमवारी सकाळचे अकरा वाजले होते आणि संशोधन संस्थेच्या सेमिनार रूममध्ये हे दोघेच होते. अपेक्षा वानखेडे वर्ध्याची. पाच वर्षांपासून इथे पीएचडी करत होती आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. घुले तिच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. मार्गदर्शक डॉ. सलिल साठे यांनी तिला बजावलं होतं, "आधी घुल्यांसमोर बोलून बघ. त्यांना कळलं, तर परीक्षकांना कळायचीही थोडी आशा आहे." यात अपमान नेमका घुल्यांचा झाला की परीक्षकांचा, हे घुल्यांनी विचारलं नव्हतं. पुण्यात असले प्रश्न विचारायचे नसतात, एवढं हडपसरपलीकडच्या मांजरीहून रोज बसने येणाऱ्या माणसाला सव्वीस वर्षांत समजलं होतं.

अपेक्षाने पुढचं चित्र लावलं. जिवाणूंनाही विषाणू लागतात, ती सांगत होती. त्या विषाणूंना फेज म्हणतात. फेज जिवाणूच्या अंगावर बसतो, आत आपला ऐवज सोडतो, आणि अर्ध्या तासात जिवाणू फुटून त्यातून शंभरएक नवे फेज बाहेर पडतात. जिवाणूही गप्प बसत नाहीत. अनेकांकडे बचावाला प्रोटीनांची टोळी असते. एक शत्रू ओळखतं, दुसरं निरोप पोचवतं, तिसरं वार करतं. अपेक्षाने मातीतल्या एका जिवाणूत जे शोधलं होतं, त्यात टोळी नव्हतीच. एकच प्रोटीन होतं. फेजच्या कवचाचा तुकडा त्याला चिकटला की ते जागं व्हायचं आणि आपल्याच पेशीचं सगळं काम बंद पाडायचं. पेशी मरायची, पण तिच्यात शिरलेला फेजही वाढायचा नाही, आणि शेजारच्या पेशी वाचायच्या.

"ओळखणारंही तेच आणि वार करणारंही तेच," अपेक्षा म्हणाली. "आणि हे एकटं प्रोटीन तीन वेगवेगळ्या फेजना थांबवतं. थिसिसचा मेन पॉइंट हाच आहे, काका. एक नाही, तीन."

घुल्यांनी मान डोलावली. त्या तीन फेजसाठी अगारच्या जेलीच्या शेकडो प्लेट त्यांनीच ओतल्या होत्या, त्यामुळे 'तीन' म्हणताना तिच्या आवाजात जो रुबाब आला त्यातला थोडा आपलाही आहे असं त्यांना वाटत असे.

"आता परीक्षक विचारणार, जिवाणू तुझ्या प्रोटीनमुळेच वाचले हे कशावरून? कारण जिवाणू दुसऱ्या पद्धतीनेही वाचतात. ट्यूबमध्ये फेज शिरले की जिवाणूंचं गढूळ कल्चर एकदम स्वच्छ होतं, बरोबर? म्हणजे सगळे मेले. पण एकदोन दिवसांत तीच ट्यूब परत गढूळ होते. नवीन मुलांना वाटतं, कल्चर बरं झालं. तसं नसतं. लाखात एखादा असा निघतो की त्याच्या अंगावर फेजला बसायची जागाच बिघडलेली असते. बाकीचे मरतात आणि त्या एकाची पिलावळ ट्यूब भरून टाकते. फेज आत जाऊच शकत नाही, मग त्यांना कुठलं प्रोटीन लागतंय? दाराचं कुलूपच बदललेलं."

घुले पुढे सरकून बसले. "आणि समजा कुणी ती परत गढूळ झालेली ट्यूबच वापरली तर?"

"कोण वापरेल? ती सरळ ऑटोक्लेव्हमध्ये उकळून फेकली जाते." अपेक्षा हसली. "पण क्वेश्चन भारी होता, काका. परीक्षकांनी हाच विचारावा."

घुले हसले नाहीत. तिचं पुढचं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, पण त्यातलं एक अक्षर आत गेलं नाही.

दीड वर्षापूर्वीचा जुलै. अपेक्षाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि ती तीन आठवडे वर्ध्याला गेली होती. जाताना तिने घुल्यांना सांगितलं होतं की ते प्रोटीन घातलेल्या जिवाणूंची एकच कुपी उरली आहे, तेवढी वाढवून नवा साठा करून ठेवा. घुल्यांनी ती कुपी ट्यूबमध्ये घालून शेकरवर लावली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर ट्यूबमध्ये नुसतं स्वच्छ पाणी. फेजच्या प्रयोगशाळेत कुठून ना कुठून फेज शिरतोच, तसा शिरला होता. त्यांनी अपेक्षाला फोन लावला. एक रिंग वाजली आणि त्यांनीच तो कापला. बाप आत ऑपरेशनच्या टेबलावर असताना पोरीला काय सांगायचं, तुझे जंतू मेले म्हणून? ट्यूब टाकून द्यायचंही हाताला होईना, म्हणून ती शेकरवरच फिरत राहिली. आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा छान गढूळ झालेली होती. घुल्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी कॅन्टीनमध्ये जाऊन एक जास्तीचा चहा घेतला. मग त्याच ट्यूबमधून वीस कुप्या भरल्या, लेबलं लावली आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिल्या. अपेक्षा परत आल्यावर तिच्या वडिलांची चौकशी केली. ट्यूबचं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण सगळं ठीकच झालं होतं.

या प्रयोगशाळेत येण्याआधीची बावीस वर्षं घुले खालच्या मजल्यावर मातीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे ट्यूब गढूळ झाली म्हणजे जिवाणू वाढले, एवढं शास्त्र पुरत असे.

पहिल्या फेजचे निकाल जुलैच्या आधीचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेजचं सगळं काम मात्र त्या वीस कुप्यांवर उभं होतं.

दुपारी अपेक्षा जेवायला गेली, तेव्हा घुल्यांनी फ्रीजरमधून जुलैची एक कुपी काढली. तपासायची पद्धत अपेक्षानेच त्यांना शिकवलेली होती. जिवाणूंत दोनशेएक फेज मिसळायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवायची. जिवाणू तळाला बसतात. फेज त्यांना चिकटले असतील तर तेही तळाला जातात, नसतील तर वरच्या पाण्यात राहतात. ते पाणी प्रोटीन नसलेल्या साध्या जिवाणूंच्या थरावर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी थरात पडलेली भोकं मोजायची. एक भोक म्हणजे एक फेज. घुल्यांनी एक प्लेट मूळ साध्या जिवाणूंची केली आणि एक जुलैच्या कुपीची. पिपेट ट्यूबच्या काठाला दोनदा लागली. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

"काय करताय, काका?" अपेक्षा दारात उभी होती.

"काही नाही. जिवाणूंच्या खाण्याचा मीडिया बरोबर जमलाय का बघतोय."

"मला बंगळुरूच्या नोकरीची मेल आली आत्ता. एक तारखेला जॉइन व्हायचंय, फक्त परीक्षा झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे म्हणे. बाबांनी तर गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलं." ती आनंदात होती. "तुम्हाला पेढे नाही आवडत ना? मग काय आणू?"

"काही नको. आधी परीक्षा होऊ दे," घुले म्हणाले आणि दोन्ही प्लेट इनक्युबेटरमध्ये सरकवून दार लावलं. आपण या पोरीशी खोटं बोललो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मंगळवारी सकाळी मांजरीच्या घरात चहा त्यांच्यापुढे तसाच राहिला. निशा, त्यांची बायको, ओट्याशी लसूण सोलत होती. तिने दोनदा त्यांच्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा सरळ विचारलं, "काय झालंय?"

घुल्यांनी सांगितलं. फेज, कुलूप, कुपी, सगळं. निशाला संस्थेतलं बरंचसं माहीत होतं. रोज जेवताना ते सांगतच असत.

"म्हंजी तुमच्या त्या बाटल्यांत भलतंच भरलंय?"

"असंल. आज प्लेट बघितल्याव कळंल."

"आन् तसं निघालं तर कुणाच्या ध्यानात येईल?"

"मी बोललो तर. न्हाईतर कुणाच्याच न्हाई."

निशाने लसणाची पाकळी वाटीत टाकली. "मंग हुंद्या पोरीची परीक्षा. जाऊंद्या तिला नोकरीव. मार्चात तुमी बी रिटायर हून घरी. कशापायी तिच्या अन्नात माती कालवायची?"

हाच विचार घुल्यांनी रात्रभर केला होता आणि प्रत्येक वेळी तो त्यांना आवडला होता. "मला बी तसंच वाटतंय," ते म्हणाले. "पर उद्या दुसऱ्या देशातलं कुणीतरी हेच करून बघणार. त्याला जमणार न्हाई. मग ते म्हणणार, ह्या वानखेडेनं खोटं लिवलं. तिला तर ठाऊक बी न्हाई काय झालं त्ये."

निशाने लसूण बाजूला सारून डबा भरला. "भाकरी खाऊन घ्या आन् मंग सांगा काय सांगायचं त्ये," ती म्हणाली. "उपाशीपोटी नगा बोलू."

बसमध्ये हडपसरपासून बसायला जागा मिळाली, तरी ते उभेच राहिले. कुपी चांगलीच निघेल, असं त्यांनी स्वतःला किती वेळा सांगितलं याची गणती नव्हती. कदाचित ती ट्यूब दुसऱ्याच कशाने स्वच्छ झाली असेल. कदाचित मधले चारदोन चांगले जिवाणू उरले असतील आणि तेच वाढले असतील.

साध्या जिवाणूंच्या प्लेटवर अकरा भोकं होती. म्हणजे बाकीचे फेज जिवाणूंना चिकटून तळाला गेले होते. जुलैच्या कुपीची प्लेट त्यांनी उजेडात धरली आणि खालून पेनने टिंबं देत मोजायला लागले. एकशे नव्वदच्या पुढे गेल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. जेवढे टाकले होते, तेवढे सगळे फेज बाहेरच राहिले होते. एकालाही आत जाता आलं नव्हतं.

डबा त्यांनी उघडला नाही. दोन्ही प्लेट घेऊन ते अपेक्षाच्या टेबलाशी गेले. ती लॅपटॉपवर चित्रांचे रंग बदलत बसली होती.

"हे काय?"

"तू काल म्हणालीस ना, परत गढूळ झालेली ट्यूब कोण वापरेल," घुले म्हणाले. "मी वापरली. त्या जुलैत, तू वर्ध्याला असताना. तुझा सगळा साठा त्या ट्यूबमधला आहे."

अपेक्षाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग प्लेटकडे. तिला जास्त सांगावं लागलं नाही. तिने जुलैची प्लेट उचलली, खालची टिंबं बघितली आणि ती अगदी हळू टेबलावर ठेवली.

"मला फोन का नाही केला?"

"केला होता. एक रिंग."

"एक रिंग," ती म्हणाली.

"तुझ्या बाबांना त्याच दिवशी आत नेलं होतं."

"काल मी विचारलं तर म्हणालात, मीडिया बघतोय."

"खोटं बोललो. भ्यालो होतो."

अपेक्षाने चष्मा काढला. "मला जरा बाहेर जाऊ द्या, काका," असं म्हणून ती गेली. घुले तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. वीस मिनिटांनी ती तोंड धुऊन आली. डोळे लाल होते. "चला, सरांकडे जाऊ," ती म्हणाली.

डॉ. साठ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घुले," शेवटी ते म्हणाले, "सव्वीस वर्षांत तुम्ही न विचारता एक दिवस रजा घेतली नाहीत. जिवाणू मात्र न विचारता बदललेत." मग अपेक्षाकडे वळले. "आणि नवा साठा वापरण्याआधी एकदा तपासायचा असतो, हे मी तुला शिकवायचं राहून गेलं बहुतेक. माझीच चूक."

"सॉरी, सर," अपेक्षा म्हणाली.

"सॉरीने भोकं बुजत नाहीत. तुझ्याकडे त्या प्रोटीनचं जनुक शिल्लक आहे ना? ते मूळ जिवाणूत नव्याने घाल. तिन्ही फेज परत लाव. शुक्रवारी बघू. तोवर मी परीक्षकांना काही कळवत नाही."

बुधवारी अपेक्षाने सगळं एकटीने केलं. घुले काही पुढे करायला गेले की ती "मी करते, काका," एवढंच म्हणायची. आवाज चढवायची नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. त्यांनी दिवसभर काचसामान धुतलं. जी भांडी सोमवारीच धुऊन ठेवलेली होती, तीही पुन्हा धुतली. मनात एकच घोकत होते, दुसरा आणि तिसरा फेज थांबू दे. कुप्या खोट्या निघाल्या तरी प्रोटीन खरं निघू दे. तसं झालं असतं तर परीक्षा ठरल्या दिवशी झाली असती आणि अपेक्षा एक तारखेला बंगळुरूला पोचली असती.

गुरुवारी चोवीस प्लेट ओतायच्या होत्या. पातळ अगार कोमट असतानाच जिवाणू मिसळून ओतावा लागतो, मिनिटभर उशीर झाला की गुठळ्या होतात. चौथ्या प्लेटलाच अपेक्षाच्या हातात गुठळी झाली. तिने ती प्लेट बाजूला टाकली आणि मागे न बघता म्हणाली, "काका, ओता."

घुल्यांनी हात पुसले आणि ओतायला उभे राहिले. ती मिसळून ट्यूब पुढे करायची, ते ओतून प्लेट गोल फिरवायचे. उरलेल्या सगळ्या प्लेट काचेसारख्या सपाट झाल्या. घुल्यांना दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

शुक्रवारी साठे स्वतः खाली आले. अपेक्षाने प्लेट एकेक करून उजेडाच्या पेटीवर ठेवल्या. पहिला फेज. प्रोटीन नसलेल्या थरात भोकंच भोकं, आणि प्रोटीन असलेला थर सलग, कुठे टाचणीएवढंही छिद्र नाही. अपेक्षाचे खांदे थोडे सैल झाले. दुसरा फेज. दोन्ही थर सारखेच फाटलेले. तिने त्या प्लेट उलटसुलट करून बघितल्या, लेबलं वाचली, पुन्हा ठेवल्या. तिसरा फेज.

"थोडी कमी आहेत का?" घुल्यांनी विचारलं.

अपेक्षाने मोजली. "नाही, काका. तेवढीच आहेत."

साठ्यांनी पेटीचा दिवा बंद केला. "तिनाचा एक झाला," ते म्हणाले. "पण हा एक आता कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. प्रबंधातली दोन प्रकरणं काढावी लागतील. परीक्षा पुढे जाईल, तीन महिने तरी. मी आज परीक्षकांना कळवतो." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "घुले, मार्चनंतर तुम्हाला दोन वर्षं वाढवून मागणारं पत्र मी टाइप करून ठेवलं होतं. ते आता पाठवत नाही."

"हो, सर," घुले म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

अपेक्षा व्हरांड्यात जाऊन बंगळुरूला फोनवर बोलली. काचेतून घुल्यांना तिची पाठ दिसत होती. आत आल्यावर ती म्हणाली, "नाही थांबणार म्हणाले. पुढच्या वर्षी परत अप्लाय करा म्हणे."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही अजून." ती खुर्चीत बसली. "रागवायचं ठरवलं होतं मी तुमच्यावर. मंगळवारपासून रोज ठरवतेय. राग येतोय, पण तुमच्यावर काढता येत नाहीये. तुम्ही गप्प बसला असतात तर मी बुधवारी पास झाले असते, काका."

"झाली असतीस."

"आणि जन्मभर खोटं सांगत फिरले असते, मला न कळता."

घुल्यांचे डोळे भरून आले. अपेक्षाने तिकडे बघायचं टाळलं. तिने कपाटातून प्रयोगाची वही काढली, जाड बांधणीची, पानांवर छापील आकडे असलेली, आणि शेवटच्या लिहिलेल्या पानापुढचं कोरं पान उघडून त्यांच्यासमोर सरकवलं.

"जुलैत काय झालं ते यात यायला पाहिजे. मी लिहिलं तर ती ऐकीव गोष्ट होईल. तुमच्या हाताने लिहा."

"मी? यात?"

"मराठीत लिहिलं तरी चालेल."

घुल्यांनी पेन घेतलं. या वह्या त्यांनी कपाटात लावल्या होत्या, पुसल्या होत्या, एकदा गळक्या छतापासून वाचवल्याही होत्या, पण त्यात लिहायचं काम विद्यार्थ्यांचं. प्लेट कुणीही ओतलेल्या असोत, 'प्रयोग करणारा' या रकान्यात नाव विद्यार्थ्याचंच असे. ते सावकाश लिहीत गेले. कुपी कधी काढली, ट्यूब कधी स्वच्छ झाली, कधी परत गढूळ झाली, किती कुप्या भरल्या. 'ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही,' असं शेवटी लिहून त्यांनी वही तिच्याकडे वळवली.

अपेक्षाने वाचलं. "शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल, काका. तेवढी गरज नाही."

"असू दे."

"मग इथे नाव लिहा. पूर्ण लागतं."

तिने बोट ठेवलेल्या रकान्यात घुल्यांनी लिहिलं, सुदर्शन बापूराव घुले. सव्वीस वर्षांत त्यांचं नाव या वह्यांत पहिल्यांदाच आलं होतं. अक्षर चांगलं आलं आहे का हे त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि खाली तारीख घातली. अपेक्षाने वही लगेच मिटली नाही. शाई वाळेपर्यंत दोघंही वहीसमोर बसून राहिली.